पुलावर थांबायचं कुठे?

१७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी बीडहून अहिल्यानगरकडे पहिली रेल्वेगाडी निघाली. अहिल्यानगर–बीड–परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊन तोवर तीस वर्षं होत आली होती. केशरकाकू क्षीरसागर आणि गोपीनाथ मुंडे ही नावं या मागणीशी कायमची जोडलेली. गाडी सुटताना पाहायला दोघंही नव्हते. त्याआधी कित्येक दशकं आमच्या जिल्ह्यात रेल्वे म्हणजे परळी आणि घाटनांदूर, एवढंच.

त्यामुळे फाटक पडलं की मोटारसायकल बंद करून मुकाट्यानं उभं राहायचं, ही सवय परळीकराला असेल, बीडकराला नाही. आणि ती लावून घ्यायची वेळही आता येणार नाही. नव्या मार्गावर फाटक ठेवायचंच नाही, असं रेल्वेचं सध्याचं धोरण आहे. रस्ता एक तर रुळांच्या खालून जातो, नाहीतर वरून. खालून गेला की पावसाळ्यात तिथं तळं साचतं, हे ज्यानं भोगलंय त्याला सांगायला नको. वरून गेला की उड्डाणपूल.

हा पूल बांधणारे त्याच्याकडे वाहनांचा रस्ता म्हणून पाहतात. गाव मात्र तसं पाहत नाही. सपाट गावातली ती सगळ्यांत उंच, सगळ्यांत वाऱ्याची आणि फुकटात मिळणारी जागा असते. उन्हाळ्यात जेवण उरकून माणसं वर जातात. नातवाला गाडी दाखवायला आजोबा नेतात. कणसं भाजणारा येतो, त्याच्यामागून फुगेवाला येतो. नकाशात नसलेला कट्टा तिथं आपोआप तयार होतो. तो सुखाचा होतो की धोक्याचा, हे मात्र नकाशाच्या टेबलावरच, बांधकामाच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. ते कसं ठरतं, ते आता पाहू.

सुरुवात उंचीपासून. विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते. त्या तारेला आणि तिच्याभोवतीच्या मोकळ्या हवेला जागा हवी, म्हणून रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या पोटापर्यंत ६.५२५ मीटर अंतर राखतात. त्यावर गर्डर आणि स्लॅबची जाडी धरा, साधारण पावणेदोन मीटर. म्हणजे डांबर आलं रुळापासून सव्वाआठ मीटरवर, जवळपास तीन मजली घराच्या गच्चीवर. काही ठिकाणी पुलावर दोन्ही बाजूंना धनुष्यासारख्या पोलादी कमानी दिसतात. त्या शोभेच्या नाहीत. भार वरच्या कमानीनं पेलला की खालचा गर्डर बारीक ठेवता येतो आणि पुलाची उंची थोडी वाचते.

उंची वाचवण्याचा एवढा अट्टाहास कशासाठी? कारण उंचीचा प्रत्येक मीटर खाली उतरायला तीस मीटर लांबी खातो. शहरातल्या पुलाचा चढ साधारणपणे तीसास एक ठेवतात: तीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. सव्वाआठ मीटर चढायला अडीचशे मीटर, आणि पलीकडे उतरायला तेवढेच. पूल अर्धा किलोमीटरचा झाला. भाजीची हातगाडी ढकलणाऱ्याला हा चढ जड जातो. त्याच्यासाठी चाळीसास एक बरा. पण मग दोन्ही बाजूंनी आणखी ऐंशी-ऐंशी मीटर जागा, म्हणजे आणखी दुकानं, आणखी भूसंपादन.

आता पायी चालणाऱ्याच्या बाजूनं हिशोब मांडा. फाटक होतं तेव्हा तो वीस-पंचवीस पावलांत पलीकडे जायचा. पूल झाला की फाटक कायमचं बंद होतं, तिथं भिंत येते. त्याच माणसाला आता अर्धा किलोमीटरची चढ-उतार. तो जाईल? नाही जाणार. भिंतीला भगदाड पडेल आणि शाळेची पोरं दप्तरासकट रूळ ओलांडतील. लोकांना शिस्त नाही, असं आपण लगेच म्हणतो. मला वाटतं, त्या भगदाडाचा अर्धा दोष नकाशाचा असतो.

नकाशात पायी माणूस का नसतो, याचं उत्तर एका गुणाकारात सापडतं. एखाद्या फाटकावर पूल हवा की नको हे ठरवताना रेल्वे ‘टीव्हीयू’ मोजते. दिवसभरात त्या फाटकावरून गेलेल्या गाड्या गुणिले रस्त्यावरून गेलेली वाहनं. हा गुणाकार एक लाखावर गेला की रेल्वे आणि राज्य सरकार निम्मा-निम्मा खर्च वाटून घ्यायला तयार होतात. चाळीस गाड्या आणि अडीच हजार वाहनं म्हणजे बरोबर एक लाख. या मोजणीत मोटार एक धरतात, बैलगाडीही एक. रिक्षा अर्धी. पायी चालणारा शून्य. बैलाला गणितात जागा आहे, बैलामागून चालणाऱ्याला नाही. जो मोजलाच गेला नाही त्याच्यासाठी पुढे नकाशात मीटरभर फूटपाथ उरला तरी नशीब.

मुंबईत दादरचा टिळक पूल पाहा. १९२५ साली बांधलेला, म्हणजे नुकतीच शंभरी ओलांडलेला. एका टोकाला दादर टीटीचं खोदादाद सर्कल, दुसऱ्या टोकाला प्लाझा सिनेमा, आणि मधे पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंचे रूळ. दादर पूर्व आणि दादर पश्चिम यांना एक गाव करणारी वस्तू म्हणजे हा पूल. पश्चिमेला पायथ्याशी फुलांचा बाजार. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या गोणी घेतलेली माणसं या पुलावरून चालताना पाहिली की तो रस्ता आहे हे विसरायला होतं. विक्रेते, कठड्याला टेकलेले लोक, खालून सुटणाऱ्या लोकल पाहणारी मुलं हे सगळं तिथं कुणी आखलेलं नव्हतं. पुलाची दोन्ही टोकं बाजारात उघडतात आणि स्टेशन पुलाला चिकटून आहे, म्हणून ते घडलं. पुलाला सार्वजनिक जागा करणारी पहिली गोष्ट टोकाशी काय आहे, ही. रोषणाई आणि रंगीत दिव्यांचा नंबर खूप नंतर. गावाबाहेर बायपासवर काढलेल्या पुलावर कितीही बाकं ठेवा, तिथं बसायला फार तर ट्रकवाले येतील.

दादरच्या अलीकडच्याच स्टेशनात याची दुसरी, काळी बाजू दिसली. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ, तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, आजचं प्रभादेवी. अचानक जोराचा पाऊस आला, माणसं पादचारी पुलावर आणि त्याच्या अरुंद जिन्यावर आडोशाला थांबली. मागून गाड्या येत राहिल्या, गर्दी उतरत राहिली. चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. पूल पडला नव्हता, त्याचं काही मोडलंही नव्हतं. पुढे लष्करानं तिथं नवा पादचारी पूल उभारून दिला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. पण त्या सकाळची गोष्ट एवढीच की माणसं पुलावर थांबतात. पाऊस आला की थांबतात, ओळखीचं भेटलं की थांबतात, दम लागला की थांबतात. पूल फक्त चालण्यापुरता मापून दिला, तर थांबलेला माणूस चालणाऱ्याच्या वाटेत उभा असतो.

म्हणून रुंदीचा हिशोब दोन पट्ट्यांत करायचा: एक चालायचा, एक थांबायचा. रस्त्यांच्या मापांचे नियम ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था फूटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगते. मोकळी म्हणजे दिव्याचा खांब, कठड्याचा पाया, टेलिफोनवाल्यांचं खोकं हे सगळं वगळून. दोन माणसं समोरासमोर आली तर खांदा न लागता जातील एवढी ही जागा. कुणी कठड्याला टेकून उभं राहिलं की संपली. त्याला आणखी मीटरभर हवा. म्हणजे जवळपास तीन मीटर. पुलावर तीन मीटर फूटपाथ म्हटलं की कार्यालयात भुवया उंचावतात, कारण जमिनीवरचा फूटपाथ मागाहून वाढवता येतो, पुलावरचा नाही. तिथं प्रत्येक वीत आधी पेलावी लागते.

पेलण्याचा नियम वाचण्यासारखा आहे. फूटपाथवर दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरून पूल आखावा, असं हीच संस्था सांगते. ६५ किलोचं माणूस धरलं तर चौरस मीटरमध्ये सहा माणसं, लोकलच्या डब्यासारखी. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की पूल जर तीर्थक्षेत्राच्या किंवा मोठी जत्रा भरणाऱ्या गावाजवळ असेल, तर ४०० च्या जागी ५०० धरा. कोरड्या तांत्रिक कलमात जत्रा! ज्या कुणी हे लिहिलं त्यानं आपला देश पाहिलेला होता. एक बारकावा मात्र आहे. लांब गर्डरसाठी हा आकडा लांबीप्रमाणे कमी करायची सवलत मिळते, कारण तीस मीटरचा फूटपाथ टोकापासून टोकापर्यंत एकाच वेळी खचाखच भरत नाही, असं गृहीत धरलेलं आहे. महाशिवरात्रीला वैद्यनाथाच्या दर्शनाला लोटलेली परळी ज्यानं पाहिली आहे, तो या गृहीताला हसेल.

फूटपाथ गर्डरवर बसलेला असतो की बाजूला लटकलेला, हेही विचारायला हवं. जुन्या पुलांना पुष्कळदा बाहेरच्या अंगाला आधार काढून त्यावर फूटपाथ टाकलेला असे. अंधेरीचा गोखले पूल १९७५ चा. ३ जुलै २०१८ ला सकाळी त्याचा कोसळलेला भाग रस्त्याचा नव्हता, फूटपाथचा होता. तो खाली रुळांवर आला. फूटपाथच्या पोटातून केबल नेतात, वर फरशीवर फरशी चढते, भराव पडतो, पाणी मुरतं, लोखंड गंजतं, आणि गाडीची चाकं तिथं कधी येत नसल्यामुळे त्या भागाकडे कुणी पाहतही नाही. माणसं उभी राहणार ती जागा पुलाची सगळ्यांत दुबळी जागा असणं, याहून उलटं काय असेल?

आता वर जाऊ या, जिन्यानं. सव्वाआठ मीटर चढायला पंधरा सेंटीमीटरची एक अशा पंचावन्न पायऱ्या लागतात. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बारास एक हवा, म्हणजे शंभर मीटरचा रॅम्प आणि मधे-मधे सपाट टप्पे. तेवढी जागा बाजारपेठेत मिळत नाही, मग लिफ्ट लावतात, आणि लिफ्टची चावी कुणाकडे हा प्रश्न पहिल्या महिन्यातच उभा राहतो. जिना तरी कुठे द्यायचा? रुळांच्या जितका जवळ तितका बरा. फाटक होतं त्याच जागी, भिंतीला लागून दोन्ही बाजूंना जिना दिला तर पोरं भगदाड शोधणार नाहीत. अडीचशे मीटर लांब, चढ जिथं सुरू होतो तिथं दिलेला जिना मात्र निव्वळ शोभेचा. आणि जिना रुंद असला तर तो बसायलाही होतो. वैद्यनाथाच्या देवळाच्या पायऱ्या नुसत्या चढण्यासाठी असत्या तर त्या एवढ्या ऐसपैस कशाला केल्या असत्या? पुलाला जिना देताना मात्र आपला हात आखडतो.

वर पोचल्यावर पहिली निराशा होते ती जाळीची. रुळांच्या बरोबर वरच्या भागात कठड्यावर पुरुषभर उंचीची जाळी किंवा पत्रा असतो. पोराला गाडी दिसत नाही, आजोबांची चिडचिड होते. पण इथं रेल्वेचं बरोबर आहे. खाली २५,००० व्होल्ट आहेत. त्या तारेला हात लावायची गरज नसते, ओली काठी, पतंगाचा मांजा, वरून ओतलेलं पाणीही वीज वर आणू शकतं. तेव्हा कट्टा रुळांच्या डोक्यावर मागायचाच नाही. तो मागायचा रेल्वेचा भाग जिथं संपतो त्याच्या अलीकडे, जिथं जिना वर येतो त्या कोपऱ्यात. तिथं फूटपाथ चार-पाच मीटर बाहेर फुगवला, खाली स्वतंत्र खांब दिला, वर पत्र्याचं छत टाकलं, की आठ-दहा बाकं बसतात. रूळ तिरपे दिसतात, येणारी गाडी लांबूनच दिसते. खरं तर गाडी डोक्याखालून जाण्यापेक्षा लांबून येताना पाहण्यात जास्त मौज आहे. छत मात्र हवंच. सावली नसलेला कट्टा आमच्याकडे मार्च ते जून सकाळी नऊनंतर तव्यासारखा तापतो.

हा कोपरा कुणी बांधायचा, इथं खरी गोम आहे. पुलाला दोन मालक असतात. रुळांवरचा मधला तुकडा रेल्वेच्या हुकमतीत, दोन्ही बाजूंचे चढ राज्याच्या बांधकाम खात्याकडे किंवा नगरपालिकेकडे. अलीकडे राज्य आणि रेल्वे यांची भागीदारी असलेली ‘महारेल’ कंपनी पुष्कळ ठिकाणी सगळा पूल एकहाती बांधते, तो एक दिलासा आहे. रुळांवरचं काम करायचं तर गाड्या थांबवून, वीज बंद करून ‘ब्लॉक’ घ्यावा लागतो. मुंबईतला ब्रिटिशकालीन कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडायला सत्तावीस तासांचा ब्लॉक जाहीर झाला होता. नवा पूल जुलै २०२५ मध्ये ‘सिंदूर’ या नावानं खुला झाला. म्हणजे पाडायला एक दिवस आणि बांधायला अडीच वर्षं. दोन मालकांचा मेळ न बसल्याचा सगळ्यांत गाजलेला नमुना अंधेरीतच घडला. नवा गोखले पूल फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्धा उघडला तेव्हा कळलं की तो रेल्वेच्या नव्या मापानं उंच झालाय आणि त्याला जोडायचा बर्फीवाला पूल काही फूट खालीच राहिलाय. शेवटी जुन्या पुलाचं टोक जॅक लावून उचलावं लागलं. आपल्या छोट्या गावांत याचंच धाकटं भावंड भेटतं: मधला तुकडा हवेत तयार, आणि दोन्ही बाजूंचे चढ भूसंपादनात अडकलेले.

राहिली पुलाखालची जागा, आणि माझ्या मते निम्मा कट्टा इथंच आहे. चढ दोन तऱ्हांनी करतात. दोन्ही बाजूंना भिंती घेऊन मधे भराव टाकायचा, हे स्वस्त. किंवा खांबांवर चढ घ्यायचा, हे महाग. भरावानं गावाच्या मधोमध अडीचशे मीटरची भिंत उभी राहते. अलीकडच्या दुकानदाराला पलीकडचं गिऱ्हाईक दिसत नाही. शिवाय आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर भराव टाकायचा तर आधी ती खोल काढून मुरूम भरावा लागतो, नाहीतर पुलाच्या तोंडाशी रस्ता खचतो आणि एसटी तिथं दरवेळी आदळते. खांबांवर घेतलं तर खाली सावली मिळते, आणि मराठवाड्यात सावली हीच जागा. मुंबईत माटुंग्याला डॉ. आंबेडकर रस्त्यावरच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली नानालाल मेहता उद्यान झालं. पूर्वी तिथं वाहनं उभी असत. आता चालायची वाट आहे, तीही नर्मदेच्या वळणांसारखी वळवलेली. तो पूल रेल्वेवरचा नाही, पण खांब तेच आणि सावलीही तीच. आठवडी बाजाराचे ओटे, रिक्षाथांबा, पाणपोई एवढं तरी आपल्या पुलाखाली सहज बसतं. उंची जिथं अडीच मीटरच्या खाली जाते तो कोपरा मात्र जाळीनं बंद करावा. अंधाऱ्या ठेंगण्या जागेत काय साठतं ते सगळ्यांना माहीत आहे.

जगात याच्या फार पुढे गेलेल्या जागा आहेत. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला रेल्वेच्या रुळांवर स्लॅब टाकून २००२ मध्ये फेडरेशन स्क्वेअर हा अख्खा चौक उभा केला. शिकागोत रुळांवर बाग आहे. आपल्याकडेही नवी मुंबईत सीवूड्स स्टेशनच्या डोक्यावर मॉल आहे. पण तिथल्या जमिनीच्या भावानं ते सगळं परवडतं. परळी, बीड, आष्टीला रुळांवर बाग कुणी मागत नाही. तीन मीटर फूटपाथ, रुळांशी जिना, कोपऱ्यात छत, खांबांवर चढ, एवढ्यावर भागतं.

आणि हे मागायची वेळ एकच असते. पुलाचा एक सर्वसाधारण आराखडा असतो, कार्यालयात त्याला ‘जीएडी’ म्हणतात. रेल्वेनं तो मंजूर केला की रुंदी, खांब, जिने सगळं बांधलं गेलं असं समजा. नंतर निवेदनं देऊन फार तर दिव्यांचा रंग बदलतो. तेव्हा तुमच्या गावात पुलाची मोजणी सुरू झाली, चुन्याच्या खुणा दिसल्या, की भूमिपूजनाची वाट न पाहता नगरपालिकेत किंवा बांधकाम विभागात जाऊन तो कागद पाहायला मागा. न दिल्यास माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. कागदावर फूटपाथची मोकळी रुंदी मोजा, जिना रुळांपासून किती मीटरवर आहे ते बघा. आणि परळीचा पूल असेल तर फूटपाथच्या भाराचा आकडा ४०० धरलाय की ५००, एवढं नक्की विचारा.